उजव्या पायाचं कापड

एटापल्लीच्या बाजारात सगळ्या रंगांचं कापड मिळायचं, एक सोडून. तो मातकट हिरवा रंग एखाद्या ताग्यात, थानात दिसला की कुणीतरी येऊन विचारपूस करायचं. कुणासाठी आणलं, किती मीटर, मागायला कोण आलं होतं. पोलिसांना संशय, की आम्ही जंगलातल्यांच्या वर्द्या शिवतो. जंगलातल्यांना संशय, की आम्ही पोलिसांच्या शिवतो. दुसरा संशय खरा होता. म्हणून आम्ही टेलर लोक तो रंग सरकारी ऑर्डर असली तरच हातात धरायचो, आणि काम झालं की उरलेलं कापड चिंध्यांसकट पिशवीत भरून परत करायचो. तीस वर्षं मी हे काम करते आहे, पण त्या कापडाची भाजीची पिशवीसुद्धा माझ्या घरात कधी शिवली गेली नाही.

मशीन माझ्या बापाचं. तो चंद्रपूरकडून इकडं आला तो आश्रमशाळेचे गणवेश शिवायला, मग ठाण्यातल्या वर्द्यांचं काम त्याच्याकडं आलं. वर्दीचं त्याला भारी कौतुक. म्हणायचा, "इस्तरीच्या कपड्यातल्या माणसाले जात विचाराच्या आधी लोक एक घडी थांबतेत." त्याच्या बापाला गावातून जाताना चप्पल हातात घ्यावी लागायची, त्यामुळं ती एक घडी त्याला केवढी वाटत असेल हे मला कळायचं. मी त्याची थोरली. लग्न करून गेले आणि चार वर्षांत परत आले. तो विषय वेगळा. परत आले त्या दिवशी बाप शिवत बसला होता. मशीनवरून उठला आणि मला बसायला सांगितलं.

माझा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पोलीस भरतीत त्याचं नाव लागलं तेव्हा बापानं पेढे वाटले नाहीत, टेप काढला. माप त्यानं घेतलं, कटिंग त्यानं केलं, शिलाई मी मारली. भाऊ आरशासमोर उभा राहून म्हणाला, "बाई, मी मोठा दिसून राह्यलो का वं?" आमच्याकडं थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. मी म्हटलं, "दिसत तं हायेस. अक्कल कवा येते पाहू." बाप मात्र त्याच्याकडं बघतच राहिला, आणि त्या दिवशी त्यानं दुकान लवकर बंद केलं.

पुढं भाऊ जंगलात जाणाऱ्या खास पथकात गेला. खाकी सुटली. आधी साधी हिरवी वर्दी आली, काही वर्षांनी चितकबरी, हिरव्या-तपकिरी डागांची. प्रत्येक वेळी तयार वर्दी यायची ती कुणाला ढगळ, कुणाला तंग, आणि अख्खं पथक माझ्या दारात उभं राहायचं. मी त्यांच्यासाठी एक गोष्ट करायची, जी दुसरं कुणी करत नव्हतं. उजव्या खिशाच्या वर नावाची पट्टी टोचून टोचून कापड फाटायचं, म्हणून मी तिथं दोन बारीक काज करून द्यायची. पट्टीच्या पिना त्यातून जायच्या आणि कापड टिकायचं. त्या दोन काजांवरून जवान माझं काम ओळखायचे. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

भावाचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. रस्ता तपासत पुढं चालणाऱ्यांमध्ये होता. भूसुरुंग त्याच्या पायाखाली फुटला, मागचे दोघं वाचले. सगळे म्हणाले, जीव तर वाचला. मीही तेच म्हणाले, दहा लोकांसमोर, आणि घरी येऊन बापाच्या फोटोसमोर बसून त्याच बापाला शिव्या दिल्या. बाप तोवर गेला होता, हे एक बरं झालं.

भावाला नकली पाय बसला आणि बसून करायची ड्यूटी मिळाली. गोदामात बूट, सतरंज्या, टॉर्च वाटायचे आणि सही घ्यायची. तिथं साध्या शर्टात गेलं तरी कुणी काही म्हणत नव्हतं, पण तो रोज चितकबरी घालून जायचा. नकली पाय बारीक, त्यावर पँट फडफडायची. मग मी त्या पायाला आतून अस्तराचे दोन थर दिले, म्हणजे दोन्ही पाय सारखे दिसतील. बूट मात्र माझ्या हातात नव्हते. डाव्या बुटाला वर्षभरात सुरकुत्या पडायच्या आणि उजवा नवाच राहायचा. रोज सकाळी तो दोन्हींना सारखंच पॉलिश करायचा, आणि ते बघून माझा संताप व्हायचा. कुणावर, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मग गेल्या काही वर्षांत चित्र पालटलं. जंगलातून लोक गटागटानं बाहेर यायला लागले. टीव्हीवर, चहाच्या टपरीवर, सगळीकडं एकच: संपलं, आपण जिंकलो. भाऊ गोदामातून आला की पेपर मांडीवर घेऊन तेच वाचायचा. एक दिवस त्याला फोन आला. जिल्ह्याला मोठा कार्यक्रम आहे, अकरा जण आत्मसमर्पण करणार आहेत, त्याच मंचावर जखमी जवानांचा सत्कार करायचं चाललं आहे, तयार राहा. फोन ठेवल्यावर तो मला म्हणाला, "बाई, चितकबरी नवी काढ. एकदा त्यायच्या समोर उभा राह्यतो. बोलाचं काई नाई. नुसतं उभं राहाचं हाय." इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं मागितलेली ही एवढी एकच गोष्ट.

दोनच दिवसांनी एक हवालदार हिरव्या कापडाचं थान घेऊन दारात आला. अकरा वर्द्या शिवायच्या होत्या. मला वाटलं नव्या भरतीच्या. तो म्हणाला, "नाई बाई. ते सरेंडरवाले हायेत ना, त्यायच्या." मला काही उमजेना. मग त्यानं समजावून सांगितलं. बाहेर आलेल्यांतले कुणी लुंगीवर आले होते, कुणी टी-शर्टवर, एक जण तर बहिणीच्या घरची शाल पांघरून. वर्द्या कुणी पुरल्या, कुणी जाळल्या, कुणी देऊन टाकल्या. आणि मंचावर बंदूक खाली ठेवायची ती वर्दीतच. "लुंगीतला माणूस बंदूक देऊन राह्यला तं लोकं म्हनतीन, हा कोन होय? शेतावरून आला का?" हरायलासुद्धा वर्दी लागते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी नाही म्हणू शकले असते का? म्हटलं असतं तर मशीन घरात राहिलं असतं आणि काम गावातून गेलं असतं. मी हो म्हटलं.

संध्याकाळी भावाला सांगितलं. त्यानं मांडीवरचा पेपर घडी घालून ठेवला. मग म्हणाला, "माप घेताना हात नाई कापनार तुये?"

"माप सगळ्याइचंच सारखं असते," मी म्हटलं. हे खरं नव्हतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

त्यांना एका वसाहतीत ठेवलं होतं. अकरांत तीन बायका होत्या, म्हणून मलाच जावं लागलं. पुरुषांची मापं मी पटापट घेतली, तोंडाकडं न बघता. बायकांतली पहिली पस्तिशीची असेल. टेप खांद्यावर ठेवला आणि मी थांबले. डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला बोटभर खाली होता. वर्षानुवर्षं बंदूक एकाच खांद्यावर. माझ्या भावाचं माप मला पाठ आहे. त्याचाही डावाच खांदा खाली आहे, बरोबर बोटभर. मी टेप पुन्हा लावून पाहिला.

मी विचारलं, "तुमची वर्दी कुठी गेली?"

ती गोंडी वळणाच्या मराठीत म्हणाली, "मागं राह्यली त्या पोरीले देऊन आली. तिची फाटली होती." आणि थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हे घालून किती वेळ उभं राहाचं हाय, बाई?"

"दोन तास."

"मंग?"

मग काय, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी टेप गुंडाळला. ती म्हणाली, "ढिला शिवजा. घट्ट नोको." एवढंच आमचं बोलणं.

पाच दिवसांत अकरा वर्द्या झाल्या. एकट्या बाईनं पाच दिवसांत अकरा शर्ट, अकरा पँटी. माझं मलाच कौतुक वाटत होतं. उरलेल्या चिंध्या हवालदार नेहमीप्रमाणं पिशवीत भरून घेऊन गेला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी ठाण्यातले साहेब स्वतः वर्द्या बघायला आले. एक शर्ट उचलला, उजेडात धरला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. उजव्या खिशाच्या वर दोन बारीक काज. दुसरा शर्ट उचलला, त्यालाही दोन. अकराच्या अकरा शर्टांना माझ्या हातानं नावाच्या पट्टीचे काज पाडून ठेवले होते.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ती अशी. हिरवा शर्ट हातात आला की खिसा झाल्याबरोबर माझा हात आपोआप वर सरकतो. डोकं दुसरीकडं होतं, खरं सांगायचं तर त्या बोटभर खांद्यात होतं, आणि हातांनी सवयीचं काम करून टाकलं. साहेब ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे पोलिसाचे शर्ट झाले ना. उद्या फोटोत हे दिसलं तर लोक काय म्हणतील? पोलिसांनीच कपडे घालून उभे केले म्हणतील." माझ्या तोंडावर आलं होतं की साहेब, मग खोटं काय आहे त्यात. पण आपलेच दात, आपलेच ओठ. मी मान खाली घातली.

काज बुजवता येत नाही. टीप उसवता येते, काज म्हणजे कापलेलं कापड. त्यावर पट्टी लावणं एवढाच उपाय होता, आणि साहेबांना ती दोन्ही खिशांवर हवी होती, म्हणजे ठिगळ न वाटता तशीच तऱ्हा वाटेल. बावीस पट्ट्या. कापड कुठून आणायचं? थान संपलेलं, चिंध्या परत गेलेल्या. शर्टाचा खालचा घेर कापला तर शर्ट पँटीत राहणार नाही. बाजारात तो रंग नाहीच. चंद्रपूरला माणूस पाठवून कापड येईपर्यंत कार्यक्रम उरकला असता. साहेब "संध्याकाळपर्यंत करा काहीतरी" म्हणून निघून गेले आणि मी अकरा शर्टांच्या ढिगासमोर कपाळाला हात लावून बसले.

भाऊ दुपारी जेवायला आला. मी काही सांगायच्या आधीच त्याला सगळं कळलं होतं. गोदामात बातम्या आधी पोचतात. तो आतल्या खोलीत गेला, पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात जुनी साधी हिरवी पँट होती, चितकबरीच्या आधीची, पथकातल्या पहिल्या वर्षांतली. ती त्यानं कडक घडी घालून ठेवली होती. माझ्यासमोर टेबलावर पसरून म्हणाला, "उजवा पाय काप."

मी म्हटलं, "याड लागलं का तुले?"

"तो पाय तसाही कामाचा नाई. डावा राहू दे."

मी नाही नाही म्हणत राहिले. तो चिडला. "उद्या मले बी थ्या मंचावर उभं राहाचं हाय ना, बाई? तुयी बदनामी झाली तं मायी होते. काप म्हनतो ना." मग त्यानं स्वतः खडू उचलला आणि मांडीपाशी रेघ मारली. मी कात्री चालवली. इतकी वर्षं कापड कापते आहे, पण त्या दिवशी मला रडू आवरलं नाही, आणि तो शेजारी उभा राहून पट्ट्या मोजत होता. एका पायात बावीस पट्ट्या सहज बसल्या. दिवेलागणीपर्यंत सगळ्या लावून झाल्या. जुन्या कापडाचा रंग विटलेला, नव्यावर तो फिकट दिसत होता. पण त्याला इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं गडचिरोलीला गेलो. भाऊ चितकबरीत, दोन्ही बूट चकचकीत. मैदानाच्या दारात एक कोवळा शिपाई यादी घेऊन उभा होता. त्यानं यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. भावाचं नाव नव्हतं. भाऊ म्हणाला, फोन आला होता. शिपाई अदबीनंच म्हणाला, "भाऊ, सत्काराचं रद्द झालं वाटते. टाइम नाई. अन् वर पायऱ्या हायेत, तुमाले तरास झाला असता. पाहुन्याइच्या मागं बसा ना, सातव्या लाइनीत खुर्च्या हायेत." आणि मग थोडं थांबून, वाईट वाटू नये अशा सुरात, "भाऊ, तुमी स्टोरला ना आता? मंग ही चितकबरी नोका घालत जाऊ. काल-परवा साहेबानं विचारलं होतं."

गरज सरो, वैद्य मरो. मी त्या पोराच्या अंगावर जाणार होते, भावानं माझा हात धरला. आम्ही सातव्या ओळीत गेलो. तो बसला नाही. सगळा कार्यक्रमभर खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

ते अकरा जण रांगेनं मंचावर आले. वर्द्या छान बसल्या होत्या, हे माझ्या नजरेनं आधी टिपलं, मग माझीच मला लाज वाटली. एकेकानं बंदूक टेबलावर ठेवली. एकेकाला फुलांचा गुच्छ आणि संविधानाची प्रत मिळाली. आमच्या घरी ते पुस्तक बापानं कपड्यात बांधून ठेवलं होतं, हात धुतल्याशिवाय हात लावू द्यायचा नाही. खांदा उतरलेली ती बाई एका हातात गुच्छ, दुसऱ्या हातात पुस्तक धरून उभी राहिली, आणि कॅमेरेवाले तिला हसायला सांगत होते. सगळ्यांच्या छातीवर त्या फिकट पट्ट्या उन्हात स्पष्ट दिसत होत्या. माझ्या भावाचा पाय मंचावर गेला होता आणि भाऊ खाली उभा होता. भाषणात विजय हा शब्द पुन्हा पुन्हा आला, आणि तो आला की लोक टाळ्या वाजवत होते. भाऊसुद्धा वाजवत होता. त्यासाठी त्याला खुर्ची सोडावी लागत होती, मग तो डगमगायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा सोडायचा. मी म्हटलं, "बस ना रे." त्यानं ऐकलं नाही.

आम्ही संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. दुसऱ्या दिवसापासून तो साधा पांढरा शर्ट घालून गोदामात जायला लागला. चितकबरी त्यानं स्वतः धुतली, वाळवली आणि कार्यालयात जमा करून आला. त्याबद्दल मी एकदा विचारलं तर म्हणाला, "नेम हाय तं हाय." बुटांना पॉलिश करायचं त्यानं सोडलं.

महिन्याभरानं तोच हवालदार पोतं घेऊन आला. पोत्यात त्या अकरा वर्द्या होत्या, न धुतलेल्या, घामाचा वास येणाऱ्या. आणखी एक गट बाहेर आला होता. नवं कापड मंजूर झालं नव्हतं, म्हणून याच वर्द्या लहान-मोठ्या करून द्यायच्या होत्या. नव्या लोकांची मापं त्यानं कागदावर लिहून आणली होती. मी शर्ट टेबलावर रचले आणि एकेकाचं माप लावून बघू लागले.

भाऊ घरीच होता. तो येऊन उभा राहिला, पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग ढिगातला एक शर्ट ओढून घेतला आणि स्वतःच्या शर्टावरूनच चढवला. वरपासून खालपर्यंत गुंड्या लावल्या. आरशासमोर जाऊन ताठ उभा राहिला. तो शर्ट त्याला बरोबर बसला होता, त्याच्यासाठीच शिवल्यासारखा.

मी म्हटलं, "काढ थे. कोनी पाह्यलं तं?"

तो आरशातच बघत म्हणाला, "हे घालनाऱ्याले बलावतेत तरी, बाई. नाव घेऊन बलावतेत."

मी उठून दार लोटलं. भाऊ अजून थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग एकेक गुंडी काढून शर्ट माझ्या हातात दिला आणि गोदामात निघून गेला. मी कागद पाहिला. त्या शर्टाचा पुढचा माणूस बारीक होता. मी दोन्ही खांदे उसवले आणि एकेक इंच आत घेतले.